चादर विणा, पण सिस्टिमॅटिकली!

माहीत आहे का? ‘जरा सिस्टिमॅटिकली कर की!’ असं पोराला दटावणारी सोलापूरची आई ग्रीक बोलत असते! ‘सिस्टिम’ मूळची ग्रीक. अर्थ, एकत्र उभं केलेलं. त्यातलं ‘उभं करणं’ आणि संस्कृतातला ‘स्था’ धातू एकाच मुळाचे. म्हणजे आपली ‘व्यवस्था’ आणि त्यांची ‘सिस्टिम’ चक्क चुलतबहिणी!

आणि ‘पद्धत’? पद म्हणजे पाय. पायांनी तुडवून तुडवून पडलेली वाट, ती पद्धत. पद्धतशीर माणूस म्हणजे मळलेली वाट न सोडणारा गडी.

आता ‘सिस्टिमॅटिकली’चा लाइव्ह डेमो. सोलापुरी चादरीवरची नक्षी कोण काढतं? पुठ्ठा! जॅकार्ड मागावर भोकं पाडलेल्या कार्डांची माळ फिरते. भोक असेल तिथला उभा धागा वर, नसेल तिथला खाली, मधून आडवा धागा सटकन पार. मग पुढचं कार्ड. एक कार्ड चुकीच्या जागी ओवलं, की मोराची मान थेट पिसाऱ्यात! सिस्टिमॅटिकली म्हणजे नुसतं ‘नीटनेटकं’ नव्हे, ठरल्या क्रमानं, एकही पायरी न गाळता. १८०४ च्या फ्रेंच जॅकार्ड मागावरची ही कार्डांची आयडिया चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यासाठी उचलली. त्या अर्थी तुमचा लॅपटॉप चादरीचा नातेवाईक. पांघरू मात्र नका!

ठरलेला क्रम माणसांतही बघायचाय? जानेवारीत सोलापूरला या. सिद्धेश्वर यात्रेत ७ नंदीध्वज, ६८ लिंगांची प्रदक्षिणा आणि प्रत्येक ध्वजाचा मान ठरलेला. आहे का कुणाची रांग मोडायची टाप?

‘सिस्टेमिक’शी गल्लत नको हं. आजार अंगभर पसरला तर तो सिस्टेमिक. डॉक्टर तपासतात ते सिस्टिमॅटिकली.

शब्द दिसतो सोज्वळ, पण लबाडीलाही चालतो. इंग्रजीत सिस्टिमॅटिकली लुटतात, आपल्याकडे पद्धतशीर टोपी घालतात. क्रम तोच, कष्ट तेच!

‘सिस्टिमॅटिकली’च्या इंग्रजी स्पेलिंगची गंमत? १४ अक्षरं. शेवटाकडचं ‘ए-एल’ लिहायचं, पण बोलताना गिळायचं. शेवटी ‘इक’ असलेल्या बहुतेक शब्दांना हाच नियम: बेसिकली, ऑटोमॅटिकली, ड्रॅमॅटिकली. ठळक अपवाद ‘पब्लिकली’. तिथे ‘ए-एल’ला सुट्टी.

पब्लिक नियम पाळत नाही, हे सांगायला डिक्शनरी कशाला? संध्याकाळी सोलापूरच्या ‘सात रस्ता’ चौकात पाच मिनिटं उभे राहा.