घोड्याचा विश्वास कसा संपादन करावा

घोडा अडला, बुजला किंवा त्याने लाथ झाडली, की तो ऐबी आहे असे ठरविले जाते आणि मालकाच्या हाती चाबूक येतो. वस्तुतः अशा बहुतेक प्रसंगी घोडा भ्यालेला असतो, त्याला कोठेतरी दुखत असते, अथवा आपणांकडून काय अपेक्षित आहे हे त्यास उमगलेले नसते. या कारणांचा शोध न घेता केलेली मारहाण त्यांत आणखी एका कारणाची भर घालते. माणूस जवळ येणे म्हणजेच संकट, हे घोडा शिकतो. आणि एकदा शिकलेली गोष्ट तो सहसा विसरत नाही.

मोकळ्या गवताळ प्रदेशात हिंस्र श्वापदांपासून पळून जीव वाचविणे, हा या प्राण्याचा मूळ धर्म होय. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्याने मान न वळविताही त्यास जवळजवळ सभोवारचे दिसते. केवळ शेपटीच्या थेट मागचा आणि कपाळासमोरचा लहानसा पट्टा तेवढा नजरेबाहेर राहतो. म्हणून मुकाट्याने पाठीमागून गेल्यास तो लाथ झाडतो, तर एकदम कपाळाकडे हात नेल्यास डोके उडवितो. अंमलदाराच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये, असे जुनी माणसे म्हणत. त्यातील निदान उत्तरार्ध तरी शास्त्रशुद्ध आहे! घोड्याजवळ जावयाचे ते तिरके, खांद्याच्या रोखाने आणि बोलत बोलत.

घोडा माणसास किती बारकाईने न्याहाळतो, याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिन येथे ‘हान्स’ नावाचा घोडा टापा आपटून गणिते सोडवितो, अशी ख्याती पसरली होती. ऑस्कर फुंग्स्ट या संशोधकाने कसून तपासणी केली आणि १९०७ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. हान्सला गणित येत नव्हते. बरोबर आकडा येताच प्रश्न विचारणाऱ्याच्या डोक्याची व अंगाची जी अत्यल्प, नकळत हालचाल होई, ती पाहून तो थांबत असे. ज्या प्राण्यास एवढे दिसते, त्याच्यापासून स्वाराचा राग वा भीती लपून राहणे कठीणच. ग्रीक सेनानी झेनोफन याने इ. स. पूर्व चौथ्या शतकात लिहिलेल्या अश्वारोहणविषयक ग्रंथातही, रागाच्या भरात घोड्याशी कधी वागू नये, असे बजावले आहे.

नव्या घोड्याचे शिक्षण खोगिरापासून नव्हे, खराऱ्यापासून सुरू करावे. घोडे परस्परांची आयाळ व मानेच्या बुडाचा भाग दातांनी खाजवितात, हे पागेत कोणीही पाहिले असेल. फ्रान्समधील कामार्ग जातीच्या घोड्यांवरील, १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात याच जागी खाजविल्याने हृदयाचे ठोके मंदावतात, असे आढळून आले. मालकाने पहिले काही दिवस दाणावैरण स्वतःच्या हाताने द्यावी, खरारा करावा आणि मानेच्या बुडाशी हात फिरवावा. यापलीकडे काही मागू नये.

त्यानंतर मोरकीचा धडा. दोर हलकेच ताणावा व ताण तसाच कायम ठेवावा. हिसका देऊ नये. घोड्याने एक पाऊल पुढे टाकले, की त्याच क्षणी दोर सैल सोडावा. हे सैल सोडणेच त्याचे बक्षीस असते. ते क्षणभर जरी लांबले, तरी कोणत्या कृतीमुळे सुटका झाली हे त्यास कळत नाही. लगाम आणि स्वाराच्या पायांचा इशारा यांचेही मर्म हेच आहे. डाव्या बाजूने शिकविलेले उजव्या बाजूनेही नव्याने शिकवावे लागते. धडा दहा-पंधरा मिनिटांचाच असावा आणि साधलेल्या गोष्टीवर संपवावा. शिंगरू तीन वर्षांचे होण्यापूर्वी त्याच्या पाठीवर स्वाराचा भार घालण्याची घाई करू नये. मणक्यांची वाढ त्यानंतरही चालू असते.

प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यातील एक घोडी वरातीसाठी विकत घेतली होती. ताशाचा आवाज कानी पडताच ती मागच्या पायांवर उभी राही. मालकाने आधीच्या वराती सोडल्या नव्हत्या. शेवटी एका वरातीत ती गर्दीत उधळली आणि एका मुलाचा पाय मोडला. मग मात्र हंगाम बुडण्याची पर्वा न करता तिला पुन्हा शिकवावयास घेतले. दूर शेतात ताशा हळू वाजवावयाचा, घोडी तोबऱ्यातील हरभरा स्वस्थपणे खात राहील एवढ्याच अंतरावर. कान मागे पडले अथवा खाणे थांबले, की वाजविणारा मागे सरे. सुमारे तीन महिन्यांनी ताशा तिच्या शेजारी वाजू लागला. आतषबाजी मात्र तिला कधीच सोसली नाही आणि मालकाने तशा वराती घेणे सोडून दिले. माझ्या मते त्याचा हा निर्णय सर्वांत शहाणपणाचा होता.

अडणाऱ्या घोड्याची प्रथम पशुवैद्यकाकडून तपासणी करून घ्यावी. दाढांच्या वाढलेल्या धारा, पाठीवरील जखम, न बसणारे खोगीर, तोंडात रुतणारा लगाम यांचे दुखणे शिक्षणाने जात नाही. लगामाचे लोखंड पुढील दात व दाढा यांमधील मोकळ्या हिरडीवर टेकते आणि ती हिरडी फार नाजूक असते. काटेरी लगाम वापरण्यास भारवाही व ओढकाम करणाऱ्या जनावरांसंबंधीच्या १९६५ च्या नियमांनी बंदी आहे. तरीही तो बाजारात दिसतो. असा लगाम असल्यास तो आजच काढून टाकावा, साधा गुळगुळीत लगाम घालावा आणि तंगाखालील कातडी रोज संध्याकाळी हाताने चाचपून पाहावी.