पहिल्या गोळीच्या आधी

2010 च्या ऑगस्टात वर्तमानपत्रांत एक नाव गाजत होते: एनडीएम-1. कार्बापेनेमसारख्या राखीव औषधांनाही जिवाणू दाद देत नाहीत, ते ज्या जनुकामुळे, त्याला नवी दिल्लीचे नाव दिलेले. सरकार नावावर नाराज होते आणि वाहिन्यांवर देशाच्या बदनामीची चर्चा रंगली होती. त्याच पावसाळ्यात कापूरहोळच्या फाट्यावरून पुण्याची एसटी पकडून मी डीएमएलटीच्या वर्गात जाऊ लागलो. घरच्यांच्या लेखी तो ‘रक्त-लघवी तपासायचा कोर्स’ होता. तेव्हापासूनच्या वर्षांकडे आज पाहिले, तर जिवाणू ओळखायला मी पुण्यात शिकलो, पण ते वेळेवर हाती लागणे किती अवघड असते, हे गावाकडे परतल्यावरच समजले.

सुरुवातीला जिवाणू दिसतच नाहीत. आधी काचसामान धुणे, मग जिवाणू वाढवायचा मीडिया करणे. अगार घातलेली पावडर तोलायची, पाण्यात विरघळवायची, ऑटोक्लेव्हमध्ये 121 अंशांवर 15 पौंड दाबाखाली 15 मिनिटे ठेवायची आणि हाताला सोसेल इतपत निवली की प्लेटांमध्ये ओतायची. लवकर ओतली तर झाकणावर वाफ धरते, उशीर केला तर फ्लास्कमध्येच गोठते. या अगारामागची कथा आम्हाला मॅडमनी सांगितली होती. 1881 च्या सुमारास जिवाणूशास्त्रज्ञ कॉखच्या प्रयोगशाळेत जिवाणू जिलेटिनवर वाढवत, आणि ते 37 अंशांवर वितळून जाई. वाल्टर हेसे या सहकाऱ्याची पत्नी फॅनी घरी जेलीसाठी समुद्री शेवाळातून काढलेले अगार वापरत असे. तिने ते सुचवले. उकळल्याशिवाय वितळत नाही आणि 40 अंशांच्या आसपास येईपर्यंत गोठत नाही, असा हा पदार्थ. पुण्याच्या एप्रिलमध्ये पंख्याविना प्लेटा ओतणाऱ्याला त्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

मग हातात तारेचा लूप आला. ज्योतीवर लाल होईपर्यंत तापवायचा, निववायचा, नमुन्यात बुडवायचा आणि प्लेटवर चार भागांत रेघा ओढत न्यायचे. प्रत्येक भागात जिवाणू विरळ होत जातात आणि शेवटच्या रेघांवर सुट्या वसाहती मिळतात. ज्याच्या प्लेटवर सुट्या वसाहती, त्याचा हात बसला असे मानत. दुसऱ्या दिवशी सकाळी इनक्युबेटर उघडताना सगळा वर्ग गोळा होई. मॅकॉन्की अगारवर ई. कोलाय गुलाबी उगवतो, कारण तो लॅक्टोज आंबवतो. क्लेबसिएलाही गुलाबीच, पण बुळबुळीत. लूप लावला की तार सुटते. स्यूडोमोनास हिरवट रंग सोडतो आणि त्याला गोडसर वास येतो. प्रोटियस ब्लड अगारवर लाटालाटांनी पसरतो आणि शेजारच्या वसाहती झाकून टाकतो. परीक्षेत विचारत ते ग्रॅम स्टेनचे टप्पे आणि इंडोल, सायट्रेट, युरीएजचे निकाल. पण बेंचवरचे जुने तंत्रज्ञ प्लेट उजेडात तिरकी धरूनच अर्धे उत्तर सांगत.

मला सर्वांत जास्त आवडला तो मोजणीचा भाग. लघवीच्या कल्चरसाठी ठरावीक मापाचा लूप असतो, त्यात 0.001 मिलिलिटर मावते. प्लेटवर 100 वसाहती आल्या, तर एका मिलिलिटरमध्ये 1 लाख जिवाणू. एडवर्ड कास यांनी 1950 च्या दशकात संसर्ग आणि नुसती बाहेरची भेसळ यांतली रेषा याच आकड्यावर ओढली. मग येते सेन्सिटिव्हिटी. जिवाणूंचे द्रावण ठरावीक गढूळपणाचे करून म्युलर-हिंटन अगारवर पसरायचे, वर औषधांच्या चकत्या ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी चकतीभोवतीचे मोकळे वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजायचे. 1966 मध्ये बाउर, कर्बी आणि सहकाऱ्यांनी प्रमाणित केलेली ही पद्धत. अगाराची जाडी 4 मिलिमीटर हवी. थर जाड झाला की वर्तुळ लहान दिसते आणि चालणारे औषध ‘रेझिस्टंट’ ठरू शकते. ओतणाऱ्याच्या हातातला मिलिमीटर थेट रुग्णाच्या चिठ्ठीवर जातो, ही जाणीव या विषयाने दिली.

या विद्येचे पुण्याशी असलेले नाते पुस्तकात नव्हते. ते मी नंतर वाचले. इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी 1889 मध्ये पुण्यातच, कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत सुरू झाली. ती माणसांसाठी नव्हती, गुराढोरांच्या साथींसाठी होती. 1893 मध्ये ती हिमालयात मुक्तेश्वरला हलली; आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था ती हीच. पुढे चारच वर्षांत पुणे प्लेगने पोळले. जानेवारी 1897 मध्ये शास्त्रज्ञ हाफकिनने मुंबईत आपली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्या लसीसाठी तो जिवाणू मांसाच्या रश्शात वाढवी आणि वर तुपाचे थेंब सोडी; त्या थेंबांना धरून जिवाणू खाली लोंबत वाढत. आणि 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि पुढे पेनिसिलिन या जिल्ह्यातच तयार होऊ लागले. जंतू ओळखणे, लस करणे, औषध बनवणे, हे सगळे आमच्या आसपास घडून गेले होते.

कोर्स संपल्यावर काही काळ पुण्यात काढला आणि मग गावाजवळच कलेक्शन सेंटरवर बसू लागलो. कापूरहोळला भोरचा रस्ता महामार्गाला मिळतो, आणि नारायणपूरमार्गे सासवडला जाणाराही. पुणे इथून सुमारे 40 किलोमीटर. नमुना इथे घ्यायचा, कल्चर तिकडे लागणार. आणि कल्चरचा खरा शत्रू म्हणजे वाट. लघवीतले जिवाणू उन्हात दुप्पट-चौपट होत राहतात. दोन तासांत प्लेटवर गेली नाही तर बाटली 4 अंशांवर ठेवायला हवी. उलट मेंदूज्वराच्या रुग्णाचे पाठीतले पाणी कधीच फ्रिजमध्ये ठेवायचे नाही, कारण त्यातले नाजूक जिवाणू थंडीने मरतात. खेड-शिवापूरला टोलवर गाडी अडकली की हे नियम आठवत बसायचे, दुसरे काही हाती नसते.

पण वाहतुकीपेक्षा मोठी अडचण आधीच घडून गेलेली असते. बाई येते, चार दिवस लघवीला जळजळ. विचारले की कळते, दोन दिवस गोळ्या चालू आहेत, गुण नाही म्हणून तपासणी. गोळीने जिवाणू मेलेले नसतात, दबलेले असतात. प्लेट रिकामी येते आणि रिपोर्टवर ‘नो ग्रोथ’ लागते. बाईला वाटते पैसे वाया गेले. डॉक्टर पुढच्या पायरीचे औषध देतात. तापाचेही तेच. ब्लड कल्चरची बाटली महाग, उत्तर यायला दोन-तीन दिवस, म्हणून 1896 मध्ये निघालेली विडाल टेस्ट अजून चालते, आणि एकदाच केलेल्या विडालवर टायफॉइडचे निदान होते. यात दोष कुणा एकाचा नाही. रोजंदारी बुडवून आलेल्या माणसाला दोन दिवस थांब म्हणणे सोपे नसते.

या वर्षांत बरेच बदललेही. क्षयासाठी एल.जे. मीडियमच्या हिरव्या बाटल्या आठ आठवडे पाहत बसावे लागे. आता सीबीनॅट ही चाचणी दोन तासांत जंतू आहे का आणि रिफॅम्पिसिन चालेल का, दोन्ही सांगते. मार्च 2014 पासून शेड्यूल एच-1 आले आणि काही प्रतिजैविकांसाठी दुकानदाराला नोंदवही ठेवणे भाग पडले. कोलिस्टिन हे राखीव औषध चकतीवर तपासून भागत नाही, हेही त्याच दशकात पक्के झाले. मोठ्या लॅबमध्ये यंत्र आता प्लेटवर उगवलेल्या जिवाणूचे नाव काही मिनिटांत सांगते. त्यामुळे आम्ही घोकलेला बराचसा अभ्यासक्रम जुना झाला, आणि त्याचे वाईट वाटत नाही.

जुनी झाली नाही ती एकच गोष्ट, जी आमच्या पुस्तकात अर्ध्या पानात होती: नमुना केव्हा, कसा आणि कशात घ्यायचा. हे यंत्र कितीही वेगवान असले तरी औषधाने दबून प्लेटवर न उगवलेला जिवाणू त्याला दिसत नाही. म्हणून आता सुट्टीत शिकायला येणाऱ्या मुलांना मी आधी लूप देत नाही. आधी त्यांना रुग्णासमोर उभे करतो आणि पहिला प्रश्न शिकवतो, ‘ताई, गोळी सुरू केली का?’ केली नसेल तर बाटली लगेच भरून घ्यायची. केली असेल तर कोणती, कधीपासून, ते फॉर्मवर लिहायचे, म्हणजे पुण्यात प्लेट वाचणाऱ्याला ‘नो ग्रोथ’चा अर्थ लागेल. भोर-वेल्ह्याच्या दवाखान्यांतून एवढे दोन शब्द फॉर्मवर नेमाने येऊ लागले, तर एनडीएमच्या बातम्यांपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.