किनाऱ्याचे पहारेकरी

आमच्या शहाडास समुद्र नाही. आहे ती उल्हास नदी. तथापि राजमाचीच्या डोंगरांत उगम पावून कर्जत, बदलापूर या गावांवरून येथे आलेली ही नदी पुढे वसईच्या खाडीतून अरबी समुद्रासच मिळते. आपण पुलावरून टाकलेले निर्माल्य व प्लास्टिकची पिशवी हीही त्याच वाटेने जातात. यास्तव किनाऱ्याची राखण हा विषय केवळ कोकणवासीयांचा आहे, असे समजणे योग्य होणार नाही.

ही राखण सामान्य माणसे कशी करू शकतात, याचे उत्तम उदाहरण रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यातील वेळास या गावी पाहावयास मिळते. नाना फडणीसांचे हे मूळ गाव. येथील वाळूत ऑलिव्ह रिडले जातीची समुद्रकासवे अंडी घालतात. परंतु पूर्वी ती अंडी माणसे खाण्याकरिता नेत, व उरलेली कोल्ही-कुत्री उकरीत. २००२ साली चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेच्या कार्यकर्त्यांस येथे फुटक्या अंड्यांची टरफले आढळली. त्यावरून त्यांनी ग्रामस्थांच्या साह्याने घरट्यांच्या रक्षणाचे कार्य आरंभिले. पुढे वनखात्यानेही त्यास हातभार लावला. जी माणसे अंडी शोधण्यात तरबेज, तीच त्यांची रक्षक होऊ शकतात, हे या कार्याचे मर्म होय.

पहाऱ्याची रीत अशी. हिवाळ्यात, मुख्यतः नोव्हेंबर ते मार्च या काळात, मादी रात्री किनाऱ्यावर येते, सुमारे हातभर खोल खड्डा करून त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते व वाळू सारून परत जाते. पहाटे फिरणारा 'कासवमित्र' वाळूवरील तिच्या पावलांचा माग ओळखतो. भरतीचे पाणी तेथवर पोहोचण्याचा संभव असल्यास अंडी उंचावरील कुंपणात तशाच आकाराच्या खड्ड्यात ठेवावयाची. हे काम पहिल्या काही तासांतच व्हावे लागते. कारण पुढे आतील गर्भ कवचाच्या वरच्या बाजूस चिकटतो, व अंडे उलटल्यास तो दगावतो. सुमारे ४५ ते ६० दिवसांनी पिले बाहेर येतात. वाळूची उष्णता अधिक असल्यास माद्या अधिक निपजतात, कमी असल्यास नर. म्हणून वाळूच्या तपमानाची नोंदही मोलाची ठरते. समुद्राकडील उजेडाच्या रोखाने पिले धावतात. तेथे विजेचे दिवे लखलखू लागले, की ती बिचारी उलट दिशेस जाऊन मरतात. माणसांच्या वर्दळीवर लक्ष ठेवावयाचे ते याचकरिता.

किनाऱ्याची धूप मोजण्यासही मोठी यंत्रे लागतात असे नाही. एखादा पक्का खांब निश्चित करावा व तेथून भरतीच्या रेषेपर्यंतचे अंतर दर महिन्यास दोरीने मोजावे. मात्र एका मोजणीवरून निष्कर्ष काढू नये. पावसाळ्यातील लाटा वाळू ओढून नेतात व हिवाळ्यातील शांत लाटा बरीचशी परत आणतात. आषाढात मोजणाऱ्यास किनारा बुडाला असे वाटेल, तर माघात मोजणाऱ्यास काहीच बिघडले नाही असे वाटेल. अनेक वर्षांची वही जवळ असेल, तरच खरे काय ते कळते.

अशा नोंदींचे फळ केव्हा मिळेल हे सांगता येत नाही. २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर एका कासवास क्रमांकाचा बिल्ला लावण्यात आला होता. तेच कासव २०२५ साली गुहागरास अंडी घालताना सापडले! पूर्व व पश्चिम किनाऱ्यांवरील कासवे अगदी निराळी नसावीत, असा विचार त्यामुळे पुढे आला. एकाने बिल्ला लावला व दुसऱ्याने तो चार वर्षांनी वाचला. दोघांपैकी एकानेही आळस केला असता, तर हा शोध लागलाच नसता.

विद्यार्थी मित्रहो, शहाडास उपसलेले उल्हासचे पाणी ठाणे, भिवंडी व मीरा-भाईंदर येथील लोक पितात. उन्हाळ्यात हीच नदी जलपर्णीने झाकली जाते. मग जलपर्णी कोठवर आली, कोणते पक्षी दिसले, काठ किती ढासळला, हे एका वहीत तारीख-वेळेसह टिपावयास काय हरकत आहे? ज्या दिवशी काहीच दिसले नाही, त्या दिवशी 'काही नाही' असे अवश्य लिहावे. कारण रिकामी जागा आणि शून्य या दोन भिन्न गोष्टी आहेत. न पाहिलेले मात्र कदापि लिहू नये. पालकांसही आमची विनंती आहे, की मुलांस एकटे काठावर न धाडता आठवड्यातून एकदा त्यांनी स्वतः सोबत जावे.

वेळासच्या ग्रामस्थांनी जे केले, त्यास विद्वत्तेहून नियमितपणा अधिक लागला. तो गुण शाळेतच अंगी बाणावा लागतो. आणि वहीचे पहिले पान आजही उघडता येईल.