व्हांतूचा चढ

फ्रान्स देशाच्या दक्षिण भागांत, प्रोव्हान्स प्रांतीं, माँ व्हांतू नांवाचा सुमारें १९१० मीटर उंचीचा पर्वत आहे. माथ्यावरील पांढऱ्या चुनखडीमुळें तो भर उन्हाळ्यांतहि हिमाच्छादित भासतो. बेद्वां गांवाहून सायकलीनें निघालें म्हणजे सुमारें २१ किलोमीटरांत १६०० मीटर चढावें लागतें. आमचें वय साठीपलीकडचें. तेव्हां आम्ही दम लागेल तेथें उतरलों, सायकल हातीं धरून चाललों, पुन्हां बसलों. अरण्य संपलें कीं सावली सरते आणि वारा तेवढा सोबतीस उरतो.

माथ्याच्या कांहींसें अलीकडे रस्त्याच्या कडेस टॉम सिम्प्सन याचें स्मारक आहे. हा २९ वर्षांचा इंग्रज सायकलपटु १३ जुलै १९६७ रोजीं शर्यतींत येथें कोसळला व त्याच दिवशीं वारला. प्रखर ऊन, अतिश्रम, मद्य व उत्तेजक औषध यांनीं मिळून त्याचा घात केला. शरीर ‘थांब’ म्हणत असतां औषधानें तें ऐकूं दिलें नाहीं.

१३३६ सालीं इटालियन कवि पेत्रार्क केवळ देखावा पाहण्याच्या इच्छेनें हाच पर्वत चढला. सोपी वाट शोधतां शोधतां तो सरळ चढणाऱ्या भावापेक्षां अधिक दमला, असें त्यानेंच पत्रांत लिहिलें आहे. माथ्यावर त्यानें संत ऑगस्टिनचा ग्रंथ उघडला, तों डोंगर पाहून चकित होणारीं माणसें स्वतःकडे पाहण्यास विसरतात, हाच उपदेश समोर आला!

आम्हीहि माथ्यावरून आल्प्सचीं शिखरें व र्‍होन नदीचें खोरें डोळे भरून पाहिलें. घरोघरच्या तरुणांस एवढेंच सांगणें कीं, डोंगर अवश्य चढा. पण छाती नको म्हणेल तेव्हां सायकलीवरून उतरण्यास लाजूं नका. डोंगर उद्यांहि तेथेंच असतो.