कुरळे केस आणि जटेचे भय

श्रोतेहो, व्याख्यानमालेच्या मांडवात धर्म, राष्ट्र, वाङ्मय अशा थोर विषयांची वर्दळ असते. तेथे केसांच्या निगेसारख्या घरगुती विषयाला स्थान काय, असा प्रश्न कोणाच्या मनात आला तर तो गैर नाही. त्याला उत्तर असे की, महाराष्ट्रात कित्येक स्त्रियांचे आयुष्य केसांच्या एका गुंत्याने बदलून टाकले आहे. दाट केसांचा गुंता वेळीच सुटला नाही, त्याची जट झाली, जटेला देवीचे बोलावणे मानले गेले आणि एखादी अजाण मुलगी देवीला वाहिली गेली. म्हणून केस कुरळा का होतो, तो का गुंततो आणि तो कसा राखावा, हे जाणून घेणे ही केवळ शृंगाराची बाब नव्हे.

प्रथम केसाची घडण पाहू. आपल्याला दिसतो तो केस निर्जीव असतो. त्याचा जिवंत भाग कातडीखाली एका अरुंद नळीच्या तळाशी असतो. या नळीला केशकूप म्हणतात. कूप सरळ असला की केस सरळ उगवतो. तो वाकडा असला की केस वळण घेतच बाहेर पडतो. सरळ केस आडवा कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर तो बहुधा गोल दिसतो, कुरळा मात्र लांबट, चपटा दिसतो. हा आकार आईबापांकडून आलेला असतो. वस्तऱ्याने मुंडण केल्यास कातडीवरचा केस जातो, खालचा कूप आहे तसाच राहतो. त्यामुळे मुंडणाने कुरळे केस सरळ होतात किंवा विरळ केस दाट होतात, हा समज खरा नाही.

केस केराटिन नावाच्या चिवट प्रथिनाचा बनलेला असतो. आपली नखे, गुरांची शिंगे आणि मेंढीची लोकर याच प्रथिनाची. या प्रथिनाच्या साखळ्या एकमेकींना दोन मुख्य प्रकारच्या बंधांनी जखडलेल्या असतात. एक हायड्रोजनचे बंध. ते पाण्याने सुटतात आणि केस वाळताना पुन्हा जुळतात. दुसरे गंधकाचे बंध. ते पाण्याला दाद देत नाहीत, ते तोडावयास तीव्र रसायनेच लागतात. एवढे ध्यानात ठेवले की पुष्कळ कोडी उलगडतात. ओला केस ज्या आकारात वाळतो तो आकार पुढच्या न्हाण्यापर्यंत का टिकतो, आणि पावसाळ्याच्या दमट हवेत तोच केस का पिंजारतो, याचे कारण हायड्रोजनच्या बंधांत आहे.

केसाच्या बाहेरच्या अंगावर घराच्या कौलांसारखे एकावर एक बसलेले सूक्ष्म खवले असतात. सरळ केसावर ते चपखल बसतात. कुरळ्या केसाच्या प्रत्येक वळणावर ते थोडे उचलले जातात. तेथून आतील ओलावा लवकर निसटतो आणि शेजारचा केस तेथेच अडकतो. शिवाय डोक्याच्या कातडीतून पाझरणारी नैसर्गिक स्निग्धता सरळ केसावरून टोकापर्यंत घसरत जाते, कुरळ्या केसाच्या वळणांत मात्र ती अडून राहते. म्हणून कुरळ्या केसांची मुळे तेलकट आणि टोके कोरडी, असा विपरीत प्रकार दिसतो. यातूनच निगेचे पहिले सूत्र निघते : स्वच्छता मुळांची करावी, स्निग्धता टोकांना द्यावी.

आता न्हाण्याविषयी. अंगाचा साबण केसांना लावू नये. तो अल्कधर्मी असल्याने खवले फुलवितो, आणि विहिरीच्या वा कूपनलिकेच्या जड पाण्यात त्याचा चिकट साका केसांवर बसतो. शिकेकाई आणि रिठा यांत फेस करणारी द्रव्ये निसर्गतःच असतात. परंतु त्यांची पूड वस्त्रगाळ असावी, नाहीतर तिचे कण वळणांत अडकून राहतात. शाम्पू वापरावयाचा तर तो डोक्याच्या कातडीलाच चोळावा. खाली ओघळणारा फेस टोकांना पुरेसा होतो. त्यानंतर कंडिशनर लावावा. ओल्या केसावर ऋण विद्युद्भार असतो आणि कंडिशनरमधील द्रव्यांवर धन भार असतो, म्हणून ती केसाला चिकटून राहतात व घर्षण कमी करतात.

तेलाच्या बाबतीत आपल्या आज्यांचा अनुभव प्रयोगशाळेतही खरा ठरला आहे. रेले आणि मोहिले या संशोधकांनी २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. धुताना व विंचरताना केसातून प्रथिन झिजून जाते. ती झीज या तिन्हींपैकी एकट्या खोबरेलानेच लक्षणीय प्रमाणात कमी झाली. खोबरेलातील लॉरिक आम्लाचे रेणू लहान व सरळ असल्याने ते केसाच्या आत शिरू शकतात. तेव्हा न्हाण्यापूर्वी काही तास खोबरेल लावण्याची जुनी रीत सोडू नये.

विंचरणे हा खरा कसोटीचा भाग. कोरडे कुरळे केस विंचरले की वळणे मोडतात आणि डोक्यावर पिंजलेल्या कापसासारखा पसारा होतो. म्हणून केस ओलसर असताना, कंडिशनर किंवा थोडे तेल लावून, विरळ दातांच्या कंगव्याने विंचरावेत. आरंभ टोकांपासून करावा आणि हळूहळू मुळांकडे जावे. वरून खाली ओढल्यास सगळे गुंते एका ठिकाणी गोळा होतात. ओला केस ताणला जातो तसा तुटतोही लवकर, म्हणून हात हलका हवा. बारीक दातांची फणी उवा काढण्यापुरतीच बाहेर काढावी.

न्हाऊन झाल्यावर केस खरखरीत टॉवेलने खसखसा पुसू नयेत. जुन्या सुती लुगड्याचा तुकडा किंवा मऊ पंचा घेऊन पाणी दाबून टिपावे. मग टोके मुठीत धरून वर दाबावीत, म्हणजे वळणे आपापली जागा घेतात. पुढे वाळेपर्यंत त्यांना हात लावू नये. रात्री सैल वेणी घालावी. कुरळा केस वाळला की आखडतो, म्हणून कापणाऱ्याला थोडे कमीच कापावयास सांगावे. दाट केस एकाच लांबीचे ठेवले तर खाली फुगून त्रिकोण दिसतो. थर पाडून कापले तर भार विभागला जातो. सैल अंबाडा कुरळ्या केसांवर फार सुंदर बसतो, कारण त्यांना स्वतःचीच पकड असते. मात्र रोज करकचून बांधलेल्या केसांनी कपाळावरची रेषा मागे हटते, आणि ती पुष्कळदा परत येत नाही.

केसाचा आकार कायमचा बदलण्याची हौसही जुनी आहे. कार्ल नेस्लर याने विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये उष्णता व रसायने वापरून सरळ केसांना कुरळे करण्याची रीत पुढे आणली. म्हणजे एकाला कुरळ्याचा सोस, तर दुसऱ्याला सरळाचा! आज केस सरळ करण्याच्या काही उपचारांतून फॉर्माल्डिहाइड वायू सुटतो. हा वायू माणसात कर्करोग घडवितो, असा निर्णय कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००४ मध्ये दिला. शिवाय मुळातून उगवणारा नवा केस कुरळाच येतो, महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर.

आता जटेकडे वळू. माणसाच्या डोक्यावरून रोज पन्नास ते शंभर केस गळतात. सरळ केस जमिनीवर पडतात, कुरळे केस शेजाऱ्यांत अडकतात. आजारपणात, बाळंतपणात किंवा कामाच्या रगाड्यात काही आठवडे विंचरणे झाले नाही की गळलेले केस, तेल, धूळ, घाम यांचा गठ्ठा होतो. ओली लोकर दाबून नमदा बनतो, तीच ही क्रिया. यात देवीचा हात शोधण्याचे कारण नाही. पोलंडमध्येही अशा जटांना हात लावू नये, लावल्यास रोग वा आंधळेपण येईल, अशी दाट समजूत होती. क्राकोव येथील वैद्य युझेफ डिटल यांनी एकोणिसाव्या शतकात तिच्याविरुद्ध मोहीम चालविली आणि कालांतराने ती समजूत ओसरली.

आपल्याकडे मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षणाचा कायदा १९३४ मध्ये आला, आणि देवदासी प्रथा निर्मूलनाचा महाराष्ट्राचा कायदा २००५ चा. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी अनेक स्त्रियांच्या जटा साध्या कात्रीने कापल्या आहेत. जटेच्या ओझ्याने मान दुखते, आत उवा व जखमा होतात, झोप लागत नाही. कापल्यावर हा सारा त्रास संपतो.

जट लहान असेल तर भरपूर तेल किंवा कंडिशनर लावून बोटांनी एकेक पदर मोकळा करता येतो. मोठी झाली की कापणे हाच सरळ मार्ग. परंतु कात्रीआधी संवाद हवा. ज्या स्त्रीने वर्षानुवर्षे कोपाच्या भीतीने डोक्याला हात लावला नाही, तिला हसून किंवा रागावून चालणार नाही. तिच्या घरच्या मोठ्यांना, विशेषतः सासूला, कारण समजावून सांगावे, तिची संमती घ्यावी आणि कापल्यानंतरही काही दिवस तिची विचारपूस करावी; कारण त्या दिवसांत घरात कोणाला साधा ताप आला तरी त्याचा दोष तिच्यावर येतो. तेव्हा आपल्या घरात, चाळीत वा गावी एखाद्या मुलीच्या केसांत पहिला गुंता दिसला, तर तिची आई देवऋषाकडे जाण्यापूर्वी आपण विरळ दातांचा कंगवा आणि खोबरेलाची वाटी घेऊन तिच्याकडे जावे, एवढीच विनंती.