उंच आसन की ठेंगणे आसन? एका मोटारसायकलीचा जमाखर्च

हिंदमाता परिसरातील कापडबाजारात सकाळी शटर वर जाऊ लागली की दुचाकींची रांग लागते. एके काळी त्या रांगेत स्कूटरच अधिक असत. अलीकडे त्यांच्यामध्ये उंच आसनाच्या, मोठ्या पुढच्या चाकाच्या आणि बाजूंना पेट्या लावण्याची सोय असलेल्या मोटारसायकली दिसू लागल्या आहेत. त्यांना ॲडव्हेंचर मोटारसायकल म्हणतात. तिशी-चाळिशीत मोठ्या हौसेने घेतलेली ही गाडी पन्नाशी ओलांडल्यावर विकावी आणि तिच्या जागी ठेंगण्या, ऐसपैस बैठकीची क्रूझर घ्यावी काय, असा प्रश्न आता अनेक घरांत निघतो. निवृत्त बँक अधिकाऱ्याकडे लोक कर्ज आणि ठेवींविषयी विचारायला येतात. गेल्या वर्षी एक परिचित व्यापारी हा प्रश्न घेऊन आले.

त्यांनी २०२० च्या आरंभी रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११ घेतली होती. तिच्यावरून ते मित्रांसमवेत लेहपर्यंत जाऊन आले. पुढे दुकानाचा व्याप वाढला, पत्नीचे गुडघे दुखू लागले आणि उंच आसनावर चढणे त्यांना जड जाऊ लागले. एका संध्याकाळी सिग्नलला थांबताना गृहस्थांचा पाय खड्ड्यावर आला, जमीन अपेक्षेपेक्षा खाली निघाली आणि उभी गाडी दोघांसह आडवी झाली. वेग शून्य होता, तरी पत्नीच्या मनगटाला प्लास्टर घालावे लागले. त्यानंतर त्या टॅक्सीने जाऊ लागल्या. गाडी विकावी तर लेहच्या आठवणी आड येतात, ठेवावी तर पत्नी मागे बसत नाहीत, अशी ही अडचण होती.

असा निर्णय घेताना दोन्ही गाड्या कोठून आल्या, हे ध्यानात घ्यावे. वाळवंट आणि डोंगर तुडवणारी पॅरिस–डाकार शर्यत १९७८ च्या डिसेंबरात सुरू झाली. १९८० मध्ये बीएमडब्ल्यूने आर ८० जी/एस ही गाडी आणली आणि ॲडव्हेंचर प्रकार लोकप्रिय झाला. रस्ता नसेल तेथेही जाता यावे म्हणून तिचे पोट जमिनीपासून उंच, स्प्रिंगांची हालचाल लांब आणि पुढचे चाक मोठे असते. क्रूझरची घडण अमेरिकेतील रुंद, सरळ महामार्गांवर झाली. तेथे तासन्‌तास एकाच वेगाने जायचे असल्याने बैठक ठेंगणी, हात आरामशीर आणि पाय पुढे. पुण्याच्या बजाज ऑटोने २००५ मध्ये ॲव्हेंजर आणून ही बैठक आपल्याकडील मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणली. रॉयल एनफिल्डची मिटिऑर ३५० नोव्हेंबर २०२० मध्ये आली.

आता आकडे पाहू. हिमालयन ४११ चे आसन जमिनीपासून ८०० मिलिमीटर, तर मिटिऑरचे ७६५ मिलिमीटर उंच आहे. हा ३५ मिलिमीटरचा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो. परंतु मध्यम उंचीच्या माणसाला पायाची केवळ बोटे टेकणे आणि पूर्ण तळवा टेकणे यांतील अंतर बहुधा एवढेच असते. क्रूझर हलकी असते, हा समज मात्र खरा नाही. भारत स्टेज ६ मानकाची हिमालयन सुमारे १९९ किलोची, तर मिटिऑर १९१ किलोची आहे. म्हणजे वजन जवळजवळ तेच. फरक पडतो तो वजन जमिनीजवळ असण्याने आणि पाय भक्कम टेकण्याने. कलू लागलेली गाडी पहिल्या क्षणीच सावरता आली तर सावरते. एकदा फार कलली की दोनशे किलो कोणाच्याने आवरत नाहीत.

चाकांचाही विचार करावा. हिमालयन ४११ ची चाके आऱ्यांची, ट्यूब असलेल्या टायरची आहेत. मिटिऑरला मिश्रधातूची चाके व ट्यूबलेस टायर आहेत. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा शिरला तर जागेवरच पट्टी भरून पुढे जाता येते. ट्यूबच्या टायरसाठी सहसा चाकच उतरवावे लागते. रात्री दुकान बंद करून घरी निघालेल्या माणसाला हा भेद चांगलाच जाणवतो.

आता क्रूझरच्या खर्चाची बाजू. तिचे पोट जमिनीपासून १७० मिलिमीटरवर, तर हिमालयनचे २२० मिलिमीटरवर आहे. दोघे बसलेले असताना उंच गतिरोधकावर क्रूझर खाली घासू शकते. याहून महत्त्वाचा मुद्दा पाठीचा. ॲडव्हेंचर गाडीवर पाय शरीराच्या खाली असतात, त्यामुळे खड्डा दिसताच किंचित उभे राहून धक्का गुडघ्यांवर घेता येतो. क्रूझरवर पाय पुढे असल्याने तसे सहज उठता येत नाही आणि तोच धक्का माकडहाडापासून मणक्यापर्यंत पोहोचतो. गुडघे दुखणाऱ्याला क्रूझर सोयीची आणि कंबर दुखणाऱ्याला कदाचित गैरसोयीची, असा हा हिशेब आहे. मणक्याची तक्रार असलेल्याने आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

हिंदमात्याच्या वाचकाच्या मनात पावसाचा प्रश्न येणारच. हा भाग बशीसारखा खोलगट आहे. पाण्याचा निचरा व्हावा म्हणून महापालिकेने दादरचे प्रमोद महाजन उद्यान आणि परळचे सेंट झेवियर्स मैदान येथे भूमिगत टाक्या बांधल्या. दोन उड्डाणपुलांमधला रस्ताही उंच केला. तरीही जोराच्या सरी आणि भरती एकत्र आल्या की दुकानदाराची नजर पायरीवर जाते. अशा वेळी उंच गाडीच बरी, हा युक्तिवाद मी पुष्कळांकडून ऐकला. दोन गाड्यांच्या पोटांत ५० मिलिमीटरचा, म्हणजे दोन इंचांचा फरक आहे. इंजिनात पाणी जाते ते हवा ओढून घेणाऱ्या मार्गाने. आणि पाण्याची खोली नजरेने मापता आली तरी त्याखाली काय आहे, ते दिसत नाही. २९ ऑगस्ट २०१७ च्या पुरात येथून जवळच, एल्फिन्स्टन रोड परिसरात, नामवंत डॉक्टर दीपक अमरापूरकर उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले. ते पायी चालत होते. तुंबलेल्या पाण्यात कोणतीच दुचाकी घालू नये आणि पाण्यात बंद पडलेली गाडी तपासणीआधी सुरू करू नये. दोन इंचांच्या जोरावर या निर्णयाचे पारडे झुकवणे बरोबर नाही.

आणखी एक गोष्ट मुंबईच्या दुचाकीस्वारालाच कळेल. क्रूझरला शोभावेत असे जे गुळगुळीत, सलग रस्ते आपल्या शहराभोवती झाले, ते बहुतेक दुचाकींना बंद आहेत: वांद्रे–वरळी सागरी सेतू, किनारी रस्ता, अटल सेतू आणि मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग. पुण्याला निघालेल्या दुचाकीस्वाराला आजही जुन्या महामार्गाने, खोपोलीवरून, शिंग्रोबाचे देऊळ ओलांडत घाट चढावा लागतो. जाहिरातीतील निवांत महामार्ग येथे मिळेल या आशेने क्रूझर घेणाऱ्याची निराशा होईल. ती शहरातल्या थांबत-चालत जाण्यासाठी आणि मागच्या माणसाच्या सोयीसाठी घेतली, तर पैसे कारणी लागतात.

पैशांची बाजू तर व्यापाऱ्याने अवश्य तपासावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० घनसेंटिमीटरपर्यंतच्या मोटारसायकलींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आणि त्यावरील गाड्यांवर तो ४० टक्के झाला. त्यापूर्वी मोठ्या गाड्यांवर २८ टक्के कर व ३ टक्के उपकर होता. म्हणजे १०० रुपयांच्या मूळ किमतीवर दोन गटांत पूर्वी ३ रुपयांचे अंतर होते, ते आता २२ रुपयांचे झाले. मिटिऑर ३४९ घनसेंटिमीटरची आहे. हिमालयनची नवी आवृत्ती ४५२ ची. जून २०२२ पासूनच्या दरांनुसार तृतीय पक्ष विम्याचा वार्षिक हप्ता १५० ते ३५० च्या गटात १,३६६ रुपये आणि त्यावर २,८०४ रुपये आहे. नव्या गाडीसाठी पाच वर्षांचा हप्ता एकदम भरावा लागतो. तो अनुक्रमे ७,३६५ आणि १५,११७ रुपये. कर त्यावर वेगळा.

विक्री करताना तीन कागद विसरू नयेत. गाडीवर कर्ज होते आणि ते फिटले असेल, तर बँकेचा दाखला व नमुना ३५ देऊन नोंदणीवरील बोजा उतरवून घ्यावा. हप्ते संपले म्हणजे बोजा आपोआप उतरला, असे समजणारे ग्राहक मी नोकरीत पुष्कळ पाहिले. दुसरे, नमुना २९ व ३० भरून हस्तांतर पूर्ण झाल्याची स्वतः खात्री करावी. नोंदणी ज्याच्या नावावर, तोच कायद्याने मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. तिसरे, दावा न केल्याबद्दल मिळणारी विम्याची सवलत गाडीची नसून मालकाची असते. तिचे पत्र विमा कंपनीकडून घ्यावे आणि नव्या गाडीला लावावे.

या परिचितांना मी एवढेच सुचवले की, विकण्याचा विचार बाजूला ठेवून मागील बारा महिन्यांची खतावणी मांडावी. कोणत्या दिवशी गाडी कोठे गेली, किती अंतर, मागे कोण होते? त्यांनी ती मांडली. बहुतेक पाने घर, दुकान आणि काळबादेवी यांनी भरली. शहराबाहेरचे दिवस अकरा निघाले आणि त्यांपैकी कच्च्या वाटेचा दिवस एकच. चातुर्मासात त्यांच्या घरी लांबचा प्रवास टाळतात. म्हणजे ज्या ऋतूत उंच गाडीचा घाटात खरा उपयोग, त्या ऋतूत ती शहरातच होती. मागे कोण, या रकान्यात प्लास्टरनंतर एकदाही पत्नीचे नाव नव्हते. ते पान त्यांनी बराच वेळ उघडे ठेवले.

त्यानंतर त्यांनी आधी स्वस्त उपाय पाहिला, तो म्हणजे हिमालयनचे आसन कापून थोडे बसके करणे. त्याने चालवणाऱ्याचा पाय टेकला, परंतु मागच्या आसनाची चढण तशीच राहिली. मग पती-पत्नी दोघेही क्रूझर पाहायला गेले. पत्नी नेहमीच्या साडीत गेल्या, हे मला फार योग्य वाटले. मागे बसणाऱ्यासाठी हाताची पकड, पाय ठेवण्याची जागा आणि मागच्या चाकावर आच्छादन असणे केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार आवश्यक आहे. पेट्या बसवताना पुष्कळजण ते आच्छादन काढून टाकतात, ते काढू नये. त्या तीन वेळा चढल्या, तीन वेळा उतरल्या. गृहस्थांनी त्यांना मागे बसवून गाडी खडबडीत गल्लीतून फिरवली, उतारावर मागे ढकलून पाहिली आणि मगच होकार दिला.

त्यांचा निर्णय सर्वांनी उचलावा, असे मी म्हणणार नाही. ज्याचे वय तिशीचे, उंची चांगली, मागे बहुधा कोणी बसत नाही आणि ज्याची खतावणी शनिवार-रविवारी माळशेज किंवा कसाऱ्याच्या घाटात उघडते, त्याने उंच गाडी विकून क्रूझर घेतली तर तो वर्षभरात पस्तावेल. त्याला आपली गाडी राखणेच हिताचे. मात्र ज्या घरात मागचे आसन रिकामे पडले आहे, त्या घरातील कर्त्याने गाडीच्या दुकानात एकट्याने जाऊ नये.