जुने स्पर्धा-पिस्तूल घेताय? आधी कागद, मग हात, शेवटी किंमत

जालना : पॅरिस येथे २०२४ मध्ये झालेल्या ऑलिंपिक स्पर्धेत भारताने नेमबाजीत तीन ब्राँझपदके मिळविली. त्यांतील दोन पदके पिस्तुलाच्या प्रकारातील होती, तर रायफलमधील पदक कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने पटकाविले. त्याआधी २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कोल्हापूरच्याच राही सरनोबत हिने २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकले होते. अशा यशानंतर मराठवाड्यातील एखाद्या तरुणाला पिस्तूल हाती घ्यावेसे वाटले, तर त्यात नवल नाही. मात्र, स्पर्धेचे नवे परदेशी पिस्तूल लाखाच्या पुढे जाते. साहजिकच एखाद्या ज्येष्ठ नेमबाजाने वापरलेल्या, खास बनवून घेतलेल्या जुन्या पिस्तुलाकडे लक्ष वळते.

हा व्यवहार जुनी दुचाकी घेण्यासारखा नसतो. येथे कागद चुकला तर तुरुंगाची वाट असते, नियम चुकला तर स्पर्धेतून बाद व्हावे लागते आणि हात चुकला तर पैसे वाया जातात. बहुतेक जण प्रथम किंमत विचारतात. वास्तविक तो प्रश्न सर्वांत शेवटी यायला हवा.

'खास बनावट' म्हणजे काय?

स्पर्धेच्या पिस्तुलात मालकाच्या सोयीनुसार तीन गोष्टी बदलल्या जातात. पहिली मूठ, ती लाकडाची असून मालकाच्या बोटांच्या आणि तळव्याच्या ठेवणीप्रमाणे कोरलेली असते. दुसरा चाप, म्हणजे ट्रिगर. तो किती दाबल्यावर सुटावा हे बारकाईने जुळविलेले असते. तिसरी गोष्ट नेम धरण्याची व्यवस्था, म्हणजे नळीवरील पुढची माशी आणि मागची खाच. काही वेळा नळी आणि वजनाचा तोलही बदललेला असतो.

अमेरिकेत लष्करी बनावटीचे .४५ बोअरचे पिस्तूल कुशल कारागिराकडून नव्याने बांधून घेण्याची जुनी परंपरा आहे आणि तेथे अशा जुन्या पिस्तुलांना चांगली मागणी असते. आपल्याकडील नेमबाजाला त्यांचा उपयोग नाही. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या सेंटर फायर प्रकारात ९.६५ मिलिमीटरपर्यंतचीच नळी चालते; .४५ बोअरची नळी ११.४३ मिलिमीटरची असते. नऊ मिलिमीटरचे पिस्तूल या मर्यादेत बसते; पण आपल्या कायद्यात ते सामान्य परवान्यावर मिळणाऱ्या शस्त्रांत मोडत नाही. म्हणून भारतीय नेमबाजाचा विचार मुख्यतः .२२ आणि .३२ या दोन बोअरभोवतीच फिरतो.

परवाना आधी, पिस्तूल नंतर

बारुदाच्या काडतुसावर चालणारे कोणतेही पिस्तूल, मग ते केवळ खेळासाठी असले तरी, शस्त्र अधिनियम १९५९ खाली येते. जालना जिल्ह्यात परवाना देण्याचा अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांना, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांना आहे. अर्ज केल्यानंतर पोलिसांचा अहवाल मागविला जातो. अर्जदाराचे वय २१ वर्षे पूर्ण असावे लागते. त्याखालील खेळाडूंच्या प्रशिक्षणासाठी कायद्यात वेगळी तरतूद आहे. शस्त्र नियम २०१६ नुसार शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणालाही महत्त्व आले आहे. परवाना हाती येण्यापूर्वी कोणालाही आगाऊ रक्कम देऊ नये.

एका परवानाधारकाने दुसऱ्याला शस्त्र विकण्यास कायद्याची मनाई नाही. मात्र, कलम ५ मधील दोन अटी पाळाव्या लागतात. विक्री करणाऱ्याने आपल्या जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलिस ठाण्याच्या प्रमुखांना विक्रीचा इरादा आणि घेणाऱ्याचे नाव-पत्ता लेखी कळवावा लागतो. त्यानंतर किमान ४५ दिवस थांबावे लागते. शस्त्राची नोंद विक्रेत्याच्या परवान्यावरून कमी होऊन घेणाऱ्याच्या परवान्यावर चढली, म्हणजेच व्यवहार पुरा झाला. परवानाधारक शस्त्रविक्रेत्यामार्फत व्यवहार केल्यास कागदपत्रांची तपासणी सोपी जाते.

घेणाऱ्याने स्वतः काय पाहावे? पिस्तुलावर कोरलेला क्रमांक आणि परवान्यावरील क्रमांक अक्षरशः एक असला पाहिजे. विक्रेत्याचा परवाना मुदतीत असावा आणि त्यावर राष्ट्रीय नोंदणीतील विशिष्ट ओळख क्रमांक असावा. नामवंत नेमबाजांना परदेशी शस्त्र आणताना सीमाशुल्कात सवलत मिळते आणि तिच्यासोबत अटीही येतात. त्यामुळे पिस्तूल तसे आणलेले असेल, तर आयातीची मूळ कागदपत्रे पाहून विक्रीस अडथळा नाही, याची खात्री करून घ्यावी. परवान्याची क्षेत्रमर्यादाही पाहावी. दिल्ली किंवा भोपाळच्या स्पर्धेला जायचे असेल, तर ती महत्त्वाची ठरते.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना अग्निशस्त्र बाळगल्यास किमान दोन आणि कमाल पाच वर्षे कारावास व दंड अशी शिक्षा आहे. 'कागद नंतर करून देतो' असे विक्रेता म्हणत असेल, तर व्यवहार तेथेच थांबवावा.

उत्तम पिस्तूल, पण स्पर्धेत चालेल का?

जुन्या पिस्तुलाचा दुसरा धोका म्हणजे बदललेले नियम. पुरुषांच्या २५ मीटर रॅपिड फायर प्रकारात अथेन्स ऑलिंपिकपर्यंत, म्हणजे २००४ पर्यंत, .२२ शॉर्ट ही आखूड काडतुसे वापरली जात. २००५ पासून तेथे .२२ लाँग रायफल काडतूस आणि जड चाप सक्तीचा झाला. हजारो रुपये खर्चून जुळविलेली नामांकित पिस्तुले त्या दिवसापासून या प्रकारासाठी निकामी ठरली. तशीच गोष्ट ५० मीटर फ्री पिस्तुलाची. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकनंतर हा प्रकार ऑलिंपिकमधून वगळला गेला. अशी पिस्तुले दिसायला देखणी आणि अचूकतेत अव्वल असतात. परंतु ऑलिंपिकचे स्वप्न पाहणाऱ्याने ती घेऊन उपयोग नाही.

आजच्या नियमांनुसार २५ मीटर प्रकारातील पिस्तुलाचे वजन १४०० ग्रॅमपेक्षा अधिक नसावे आणि ते ३०० बाय १५० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत बसावे. चापाने किमान १००० ग्रॅमचा भार पेलला पाहिजे. मूठ हाताला वेढणारी नसावी. आधीच्या मालकाने सोयीसाठी चाप हलका केला असेल किंवा मूठ वाढविली असेल, तर शस्त्रतपासणीच्या टेबलावर हे पिस्तूल अडेल.

हाताला बसते का?

खास कोरलेली मूठ पहिल्या मालकासाठी वरदान असते. दुसऱ्यासाठी ती अनेकदा अडचणच ठरते. मूठ उजव्या हाताची की डाव्या, लहान की मोठी, हे आधी पाहावे. पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करून ते सुरक्षित दिशेला धरावे, डोळे मिटावेत, हात उचलावा आणि मग डोळे उघडावेत. माशी आणि खाच आपोआप एका रेषेत दिसत असतील, तर मूठ हाताला मानवते असे समजावे. मनगट वळवून नेम जुळवावा लागत असेल, तर नव्या मुठीचा खर्च हिशेबात धरावा.

त्यानंतर चाप वजन टांगून तपासावा. प्रत्येक वेळी तो सारख्याच भाराला सुटतो का, हे दहा-बारा वेळा पाहावे. भार दरवेळी बदलत असेल, तर आतील खटका झिजला आहे, असे समजावे. असे पिस्तूल केवळ गुण घालवीत नाही, तर धोकादायकही ठरते. सांगाड्याला कोठे बारीक तडा आहे का, हे भिंगातून पाहावे. शेवटी बालेवाडीसारख्या रेंजवर मालक आणि प्रशिक्षक यांच्या उपस्थितीत, पिस्तूल टेकूवर ठेवून दहा गोळ्या झाडाव्यात. २५ मीटरवरील प्रिसिजन लक्ष्याचे दहा गुणांचे वर्तुळ ५० मिलिमीटरचे असते. टेकूवरून सर्व गोळ्या त्याच्या बऱ्याच आत पडत नसतील, तर मोकळ्या हाताने त्या पडण्याची अपेक्षा करू नये.

सुटे भाग आणि लेथचा मोह

टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली मनू भाकर हिच्या एअर पिस्तुलाचा कॉकिंग लीव्हर ऐन पात्रता फेरीत तुटला. दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली. तिने ५७५ गुण मिळविले. अंतिम फेरी अवघ्या दोन गुणांनी हुकली. अव्वल नेमबाजाच्या पिस्तुलाची ही कथा, तर उत्पादन बंद झालेल्या जुन्या पिस्तुलाचे काय? सुटे भाग आणि जादा मॅगझीन मिळणार आहेत का, हे घेण्यापूर्वीच विचारावे.

जालना हे लोखंड-पोलादाचे शहर. लेथवर हवा तसा भाग कातून देणारे कारागीर येथे सहज भेटतात. पण शस्त्राची दुरुस्ती किंवा त्यातील बदल यांनाही परवाना लागतो. परवाना नसलेल्या कारखान्यात हे काम केल्यास किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. कारागीर कितीही निष्णात असला, तरी हा मार्ग वर्ज्य मानावा.

सुरुवात एअर पिस्तुलाने

नवोदितासाठी जुने एअर पिस्तूल हा अधिक शहाणपणाचा पर्याय. ४.५ मिलिमीटर बोअर आणि २० जूलपर्यंत शक्ती असलेल्या एअर पिस्तुलाला शस्त्र परवाना लागत नाही आणि सरावाला दहा मीटरची सुरक्षित जागा पुरते. येथे चापाची मर्यादा ५०० ग्रॅम आहे. मात्र, हवेच्या नळकांड्यावरील तारीख अवश्य पाहावी. त्याचे आयुष्य साधारणतः दहा वर्षांचे धरले जाते. मुदत संपलेले नळकांडे स्पर्धेत वापरता येत नाही आणि उच्च दाबामुळे ते धोक्याचेही असते. स्वस्तात मिळालेल्या पिस्तुलाला नवे नळकांडे घ्यावे लागले, तर वाचलेले पैसे तेथेच संपतात.

कागद स्वच्छ आहेत, नियमात बसते, हाताला मानवते आणि भाग मिळतात, या चारही प्रश्नांना 'होय' असे उत्तर आले, तरच किंमत विचारावी. तिच्यात नवी मूठ, सुटे भाग, काडतुसे आणि रेंजपर्यंतचा प्रवास मिळवावा. ती बेरीज नव्या पिस्तुलाच्या जवळ जात असेल, तर जुन्याचा मोह सोडलेला बरा.